साठ नंबरचं तेल

वडिलांच्या वहीत प्रत्येक शर्यतीखाली एकच आकडा:
साठ.
खाली दोन रेघा, दुसरी कागद फाडून पलीकडे गेलेली.
ओलावारियात शेंबडं पोरही सांगायचं,
देल्फोर इतुराल्देच्या इंजिनात मधासारखं तेल असतं
म्हणून ते फुटत नाही.

ऑगस्ट. इथली थंडी ऑगस्टातच असते.
शेडच्या पत्र्यावर दव गोठलेलं,
आणि माझी बहीण नेलिदा क्रँकशाफ्टवर वाकलेली.
त्याच्या गुळगुळीत मानेवर ती मेणाचा हिरवा धागा ठेवते,
वरून टोपी कसते, पुन्हा उघडते,
चपटा झालेला धागा पट्टीला लावून बघते.
"पंचेचाळीस मायक्रॉन. सगळीकडे पंचेचाळीस."
माझा एक केस मावला नसता त्या फटीत,
आणि उद्या माझा जीव तिथे असणार,
मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर.

बाकावर दोन डबे.
साठचं तेल नरसाळ्यात रेंगाळतं,
उठायचं जिवावर आलेल्या पाहुण्यासारखं.
तीसची धार बारीक, सरळ,
मागे वळून न बघणारी.

मी म्हटलं, साठ.
मी चालवणारा. मला तेल दिसत नाही,
काटा दिसतो.
चौथ्या वळणावर गाडी डावीकडे कलते तेव्हा
तो जरा खाली बसतो
आणि माझ्या पोटातही काहीतरी बसतं.
बेअरिंग गेलं की क्रँक जातो, क्रँक गेला की मोसम,
मग हाती धुपाटणंसुद्धा उरत नाही.
वडिलांच्या वेळी काटा असा बसला नव्हता.
निदान मला तसं आठवतं.

नेलिदा भांडली नाही.
मातेसाठी पाणी ठेवलं,
आणि वही मागच्या बाजूनं उघडली,
जिथे शर्यती नाहीत, हिशेब आहेत.
त्र्याण्णव: नवा क्रँक, नाही.
चौऱ्याण्णव: बेअरिंग, जुनेच घासून.
पंचाण्णव: नेलिदाचा चष्मा. क्रँक पुढच्या वर्षी.
समासात पेन्सिलीनं, अगदी फिकट, फटीचं माप:
ऐंशी. नव्वद. एकशे पाच.

मी पाणी उकळू दिलं. उकळलेल्या पाण्याची माते कडू होते.
ते ठिगळ होतं.
झिजलेल्या लोखंडातली जागा
तो घट्ट तेलानं बुजवत राहिला,
जशी आई माझ्या कोटाच्या अस्तराखाली
वर्तमानपत्र सरकवायची.
गावानं त्या ठिगळाला विद्या म्हटलं,
आणि त्यानं ते म्हणू दिलं.

"या फटीत साठ घातलं," नेलिदा म्हणाली,
"तर काटा वर चढेल, तू खूश होशील.
पण दाब दिसला म्हणजे तेल पोचलं असं नाही.
कधी कधी दाब म्हणजे
तेल दारातच अडलंय."

तिनं तीस ओतलं. सहा लिटर,
दोन्ही हातांनी, न बोलता.

दुसऱ्या दिवशी तेल सव्वाशे अंशांवर,
चौथ्या वळणावर काटा बसला.
मी पाय काढला नाही.
तो उठला.

शर्यत हरलो, तेही सांगून टाकतो.
अकराव्या फेरीत तिसरा गिअर गेला,
ज्याच्याबद्दल आम्ही आठवडाभर
एक शब्द बोललो नव्हतो.

रात्री नेलिदानं तेलाचा फिल्टर कापला,
आतला कागद दिव्याखाली उलगडला,
एकेक चुणी, पत्र वाचावं तशी.
तांब्याची एकही चमक नाही.
काळं, साधं, वापरलेलं तेल.

साठचा डबा निम्मा उरलाय.
निम्मा वडिलांच्या पिकअपमध्ये गेला,
जिचं इंजिन आतून चाळण झालंय.
सकाळी ती खोकते, निळा धूर सोडते,
मग हळूहळू तिच्या सैल हाडांत ते तेल उतरतं
आणि आवाज खाली येतो.
नेलिदा बॉनेटवर हात ठेवून ऐकते.
"इथे साठच," म्हणते,
आणि चष्मा पुसते.